क्वार्क ताऱ्याला काठ असतो

सांगलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "न्यूट्रॉन तारा आणखी दाबला गेला की क्वार्क तारा होतो आणि त्याहून दाबला की कृष्णविवर, असं एका व्हिडिओत ऐकलं. मग क्वार्क ताऱ्याची घनता, आकार, तापमान नेमकं किती? असा तारा सापडला आहे का? त्याचा तुकडा पृथ्वीवर पडला तर तो पृथ्वी गिळून टाकेल, हे खरं का?"

मी पल्सरच्या, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, स्पंदांच्या वेळा मोजतो. वीसेक वर्षं हेच काम, आणि बहुतेक निरीक्षणं नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरची. म्हणून उत्तर मोजणाऱ्याच्या बाजूने देतो. समीकरणं लागतील तेवढीच घेतो.

तुमच्या प्रश्नात एक जिना दडलेला आहे. श्वेतबटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझलेला गाभा), त्याखाली न्यूट्रॉन तारा (जवळजवळ न्यूट्रॉनांचाच बनलेला), त्याखाली क्वार्क तारा (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्क कणांचा), तळाशी कृष्णविवर. हा जिना बहुतेकांच्या डोक्यात असतो आणि तोच घोटाळा करतो. आकडे पाहा. सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाच्या न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या साधारण १२ किलोमीटर भरते. तेवढ्याच वस्तुमानाचा क्वार्क तारा साध्या गणितात साडेदहा-अकरा किलोमीटरचा येतो. खोडदला अँटेनांचा पसारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटरचा आहे. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून गाडीने तो पार करताना मी विद्यार्थ्यांना सांगतो, की आख्खा न्यूट्रॉन तारा एवढ्यात मावतो. क्वार्क तारा असता तर दोन्ही बाजूंना किलोमीटर-दीड किलोमीटर जागा उरली असती, इतकाच फरक. आकारावरून पाहिलं तर ही पुढची पायरी वाटतच नाही.

म्हणून विचारायचं ते असं: हा तारा कशाने एकत्र धरलेला आहे? याचं उत्तर कळलं की घनता, आकार, पृष्ठभाग, कवच सगळं त्यामागोमाग येतं.

न्यूट्रॉन तारा गुरुत्वाकर्षणाने धरलेला असतो. गुरुत्वाकर्षण काढून घेतलं तर तो फुटून उधळेल, पृथ्वीभोवतालची हवा उधळावी तसा. क्वार्क तारा, असेल तर, क्वार्कांना एकमेकांशी बांधणाऱ्या प्रबल बलानेच धरलेला असेल. थर्मामीटर फुटून पारा फरशीवर सांडला की त्याचे गोल गोल थेंब होतात. त्या थेंबाला पृथ्वीने धरून ठेवलेलं नसतं, पाऱ्याच्या अणूंनीच एकमेकांना धरलेलं असतं. थेंब लहान असो की मोठा, घनता तीच आणि काठ स्वच्छ. क्वार्क तारा म्हणजे असा किलोमीटरांमध्ये मोजायचा थेंब. गुरुत्वाकर्षण त्याला आणखी आवळतं, पण ते नसतं तरी थेंब राहिला असता.

असं द्रव्य शक्य का वाटतं? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे अप आणि डाउन या दोन जातींच्या क्वार्कचे बनलेले. क्वार्क एकाच ऊर्जापातळीवर हवे तितके बसू शकत नाहीत. खालच्या जागा भरल्या की पुढच्याला वर चढावं लागतं. तिसरी जात, स्ट्रेंज क्वार्क, आली की खालच्या जागांची आणखी एक रांग मोकळी होते आणि एकूण ऊर्जा उतरते. स्ट्रेंज क्वार्क स्वतः जड असल्यामुळे थोडा दंड भरावा लागतो, पण जागांमुळे होणारी बचत त्याहून मोठी असू शकते. नाओकी इतोह यांनी १९७० मध्ये क्वार्क ताऱ्याचं गणित मांडलं, बॉडमर यांनी १९७१ मध्ये अशा कोसळलेल्या द्रव्याची कल्पना मांडली आणि एडवर्ड विटन यांनी १९८४ मध्ये तिला आजचं धारदार रूप दिलं: तीन जातींचं हे द्रव्य, म्हणजे स्ट्रेंज द्रव्य, लोखंडापेक्षाही स्थिर असू शकेल. लोखंड-५६ मध्ये प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) ९३० एमईव्ही ऊर्जा असते; एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक. साध्या गणितात स्ट्रेंज द्रव्याचा आकडा ८३० च्या आसपासही उतरू शकतो. मग आपल्या आजूबाजूचं लोखंड आपोआप तसं का होत नाही? कारण एका केंद्रकातले डझनभर क्वार्क एकाच वेळी स्ट्रेंज व्हावे लागतील. एक-दोन बदलले तर ऊर्जा उलट वाढते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात मात्र दाबच हे काम सुरू करून देऊ शकतो.

"शक्य" हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. हे सिद्ध झालेलं नाही. सगळं एका आकड्यावर टेकलेलं आहे, त्याला बॅग स्थिरांक म्हणतात. क्वार्क जिथे मोकळे फिरतात त्या भागावर बाहेरची पोकळी किती दाब देते, त्याचं हे माप. तो ५७ एमईव्ही प्रति घन फर्मीपेक्षा (फर्मी म्हणजे प्रोटॉनच्या आकाराएवढं अंतर) कमी धरला तर दोन जातींचं द्रव्यही लोखंडापेक्षा स्थिर ठरतं, म्हणजे साधी केंद्रकंच टिकली नसती. तो ९० च्या वर नेला तर तीन जातींचं द्रव्यही स्थिर राहत नाही आणि क्वार्क तारा बाद होतो. मधल्या पट्ट्यात कुठलाही आकडा घेता येतो. त्यात स्ट्रेंज क्वार्कचं वस्तुमान आणि क्वार्कांची आपसातली ओढ मिसळली की पट्टा सरकतो. त्यामुळे "नेमकं किती" याला मी एक आकडा दिला, तर तो कुठल्या बॅग स्थिरांकासाठी आहे हे लगेच विचारा.

आता घनता. बॅग स्थिरांकावर उभ्या असलेल्या या साध्या बॅग प्रारूपात दाब म्हणजे ऊर्जाघनतेतून चार पट बॅग स्थिरांक वजा करून आलेल्या संख्येचा तिसरा हिस्सा. दाब शून्य होतो तो ताऱ्याचा पृष्ठभाग. पण समीकरण पाहा: दाब शून्य झाला तेव्हा घनता शून्य होत नाही, ती चार पट बॅग स्थिरांकावर थांबते. बॅग स्थिरांक ६० घेतला तर एका घन सेंटीमीटरला सुमारे ४३ कोटी टन. अणुकेंद्रकाच्या घनतेच्या दीडपटीहून जास्त, आणि ही पृष्ठभागावरची घनता आहे. एक फर्मी अंतर ओलांडलं की बाहेर पोकळी. न्यूट्रॉन ताऱ्याचा पृष्ठभाग लोखंडासारख्या साध्या अणूंचा असतो आणि तिथून आत किलोमीटरभर खोल जाता जाता घनता कोट्यवधी पटींनी चढत जाते. क्वार्क ताऱ्यात, तो सर्वांत जड असेल तेव्हाही, मध्यबिंदूची घनता काठाच्या पावणेपाच पटच असते. "क्वार्क तारा न्यूट्रॉन ताऱ्यापेक्षा घन" हे वाक्य मध्यभागाबद्दल फारसं काही सांगत नाही. खरा फरक काठावर आहे.

आकारातला फरक लहान वस्तुमानाला उघडा पडतो. न्यूट्रॉन ताऱ्याचं वस्तुमान कमी करत नेलं तर गुरुत्वाकर्षणाची पकड सैल होते, तारा फुगतो आणि सूर्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तो टिकतच नाही. क्वार्क तारा थेंबासारखा वागतो: वस्तुमान कमी, तर त्रिज्याही कमी, घनफळाच्या हिशोबाने. त्याला खालची मर्यादा नाही. पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा गोळा केला तर त्याची त्रिज्या सुमारे १५० मीटर भरेल. म्हणूनच हलका आणि लहान तारा सापडला की आमचे कान टवकारतात. वरची मर्यादा मात्र आहे. बॅग स्थिरांक ६० धरला तर ती सूर्याच्या १.९६ पट येते, त्यापुढे कोसळून कृष्णविवर.

तापमानाचं उत्तर छोटं आहे, कारण इथे तापमान फारसं काही ठरवत नाही. जन्मतः असा तारा दहा हजार कोटी अंशांच्या आसपास तापलेला असेल आणि न्यूट्रिनो (द्रव्यातून सहज निसटणारे भारहीन कण) सोडून झपाट्याने निवेल. काही हजार वर्षांनी पृष्ठभाग दहा लाख अंशांच्या घरात. पण आतल्या क्वार्कांची ऊर्जा ३०० एमईव्हीच्या आसपास असते आणि शंभर कोटी अंश तापमान म्हणजे एमईव्हीचा जेमतेम दहावा हिस्सा. त्या द्रव्याच्या दृष्टीने हे गारच. इतक्या गारव्यात क्वार्क जोड्या जमवून अतिसंवाहक होतील असं गणित सांगतं. कोणत्या प्रकारे जमवतात त्यावर तारा किती वेगाने निवतो ते अवलंबून आहे. तिन्ही जाती सारख्याच जोडल्या गेल्या तर न्यूट्रिनोंची वाट जवळजवळ बंद होते आणि निवणं मंदावतं, नाही तर तारा फार लवकर थंड पडतो. त्यामुळे केवळ "हा तारा अपेक्षेपेक्षा थंड आहे" एवढ्यावर मी कुणालाही क्वार्क तारा म्हणत नाही.

पृष्ठभागावर मला थांबायचं आहे, कारण माझ्या कामाचा धागा तिथे जुळतो. स्ट्रेंज क्वार्क जड असल्याने संख्येने थोडे कमी पडतात, त्यामुळे क्वार्क द्रव्यावर किंचित धनभार उरतो. तो भागवायला इलेक्ट्रॉन लागतात. पण इलेक्ट्रॉनांना प्रबल बल धरत नाही, ते क्वार्कांच्या काठाबाहेर काही शे फर्मींपर्यंत सांडतात. आत धनभार, बाहेर ऋणभार. तिथे विद्युतक्षेत्र तयार होतं ते सेंटीमीटरला एकावर सतरा शून्यं इतक्या व्होल्टचं.

हे क्षेत्र साध्या अणूंच्या धनभारित केंद्रकांना बाहेर ढकलून धरतं. म्हणजे क्वार्क ताऱ्यावर साध्या द्रव्याचं पातळ कवच तरंगत राहू शकतं, मध्ये फर्मींची फट. पण या कवचाला मर्यादा आहे. तळाची घनता घन सेंटीमीटरला सुमारे ४.३ लाख टनांवर पोहोचली की केंद्रकांतून न्यूट्रॉन गळू लागतात. न्यूट्रॉनला भार नाही, क्षेत्र त्याला अडवत नाही. तो फट ओलांडून आत पडतो आणि क्वार्क होऊन जातो. म्हणून कवच तिथेच संपतं: जाडी काही शे मीटर, वस्तुमान सूर्याच्या लाखाव्या हिश्श्याएवढं. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात मात्र याच घनतेखाली मोठा थर असतो आणि त्यात गळलेले न्यूट्रॉन अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारे, होऊन राहतात.

आता वेला पल्सरकडे या. हा ८९ मिलिसेकंदांत एक फेरी मारतो आणि साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक किंचित वेगाने फिरू लागतो. आम्ही त्याला ग्लिच म्हणतो. वेळेच्या आलेखात प्रत्यक्ष आलेला स्पंद वजा गणिताने सांगितलेला स्पंद असा फरक मांडलेला असतो. सगळं ठीक असेल तर बिंदू शून्याच्या रेषेला चिकटून बसतात. एका तारखेनंतर ते वर-खाली कुठेही पडू लागतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं दुर्बिणीचं घड्याळ बिघडलं. ते तपासायचं तर त्याच रात्री घेतलेला दुसरा पल्सर उघडायचा. तो शून्यावर असेल तर घड्याळ बरोबर आहे, तारा बदलला आहे. मग त्या एका सत्रातूनच आवर्तकाल नव्याने काढायचा. वेग दहा लाखांत दोन भागांनी वाढलेला निघतो. म्हणजे दिवसाला ०.१७ सेकंदाची आघाडी, जवळजवळ दोन पूर्ण फेऱ्या. बिंदू विखुरलेले का दिसत होते ते तिथे उलगडतं.

एवढा झटका द्यायला ताऱ्यात कुठेतरी असा भाग हवा जो बाकीच्यापासून सुटा फिरतो आणि अधूनमधून आपला साठलेला वेग कवचाला देऊन टाकतो. तो भाग ताऱ्याच्या एकूण जडत्व आघूर्णाच्या (फिरण्याचा वेग बदलायला होणाऱ्या विरोधाच्या मापाच्या) किमान एक-दीड टक्का असावा लागतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या आतल्या कवचातले अतिप्रवाही न्यूट्रॉन इथे बसतात. क्वार्क ताऱ्याकडे तो थरच नाही, आणि वरचं कवच या हिशोबात हजारपटीने कमी पडतं. वेला साधा, कवच तरंगणारा क्वार्क तारा नाही असं मी म्हणतो ते या साखळीवरून: काठ, काठावरचं क्षेत्र, क्षेत्रामुळे थांबलेलं कवच, म्हणून ग्लिचला जागा नाही. यातही दोन पळवाटा आहेत. क्वार्क द्रव्य स्फटिकासारखं घट्ट असू शकेल आणि मग ग्लिच त्यातूनच येतील. शिवाय कवचातले न्यूट्रॉन जाळीत अडकत असतील, तर न्यूट्रॉन ताऱ्याचाही हिशोब काठावर येतो.

याच धाग्यावर १९९१ मध्ये कॉल्डवेल आणि फ्रीडमन यांनी मोठा युक्तिवाद केला. क्वार्क तारे असतील तर अशा दोन ताऱ्यांच्या टकरीतून स्ट्रेंज द्रव्याचे कण आकाशगंगेत पसरतील, ताऱ्यांमध्ये मुरतील आणि पुढे बनणारा प्रत्येक न्यूट्रॉन तारा क्वार्क तारा होऊन बसेल. पण वेला ग्लिच करतो, तो न्यूट्रॉन तारा आहे, म्हणून क्वार्क तारे नसावेत. तर्क देखणा आहे. टकरीत कण उधळतातच असं मात्र सगळ्या प्रारूपांत दिसत नाही, म्हणून मी त्याला निर्णायक मानत नाही.

सापडला आहे का? आजवर पक्का एकही नाही. उमेदवार पुष्कळ झाले. एप्रिल २००२ मध्ये आरएक्स जे१८५६.५-३७५४ या ताऱ्याबद्दल नासाने मोठी घोषणा केली: क्ष-किरणांवरून त्रिज्या चार ते आठ किलोमीटर. तेवढा लहान न्यूट्रॉन तारा बसत नाही. पण त्याच ताऱ्याचा दृश्य प्रकाश त्या लहान गोळ्याच्या मानाने कितीतरी जास्त होता. म्हणजे क्ष-किरणांत फक्त तापलेला भाग दिसत होता, उरलेला थंड पृष्ठभाग मोठा होता. दोन्ही प्रकाश धरून हिशोब केल्यावर तारा न्यूट्रॉन ताऱ्याच्या नेहमीच्या आकारात बसला. त्याआधी १९८९ मध्ये १९८७ च्या सुपरनोव्हात (ताऱ्याच्या स्फोटात) सेकंदाला १९६९ फेऱ्या मारणारा पल्सर दिसल्याचं जाहीर झालं आणि इतका वेग स्ट्रेंज ताऱ्यालाच (क्वार्क ताऱ्याचंच दुसरं नाव) झेपेल अशी चर्चा पेटली. वर्षभरात कळलं की तो ठोका दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याच्या विद्युतयंत्रणेतून आला होता. आज माहीत असलेला सर्वांत वेगवान पल्सर ७१६ फेऱ्यांचा आहे आणि तो न्यूट्रॉन ताऱ्यालाही झेपतो. कोलकात्याच्या मीरा आणि जिष्णु डे यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये मांडलेल्या प्रारूपावरून सॅक्स जे१८०८.४-३६५८ हा सेकंदाला ४०१ फेऱ्या मारणारा पल्सर स्ट्रेंज तारा असावा, असंही १९९९ मध्ये सुचवलं गेलं. ती चर्चा आजही पूर्ण संपलेली नाही.

सध्या सगळ्यांत बोलका उमेदवार म्हणजे एचईएसएस जे१७३१-३४७ या सुपरनोव्हा अवशेषातला तारा. २०२२ च्या विश्लेषणात वस्तुमान सूर्याच्या ०.७७ पट आणि त्रिज्या १०.४ किलोमीटर आली. हलका आणि लहान, थेंबाच्या वक्रावर नेमका बसणारा. पण ते आकडे अंतराच्या अंदाजावर आणि पृष्ठभागावर कार्बनचं वातावरण आहे या गृहीतकावर उभे आहेत. २००२ ची चूक आठवत असल्यामुळे मी अजून हात राखून आहे.

उलट बाजूचा पुरावाही जड आहे. पीएसआर जे०७४०+६६२० हा पल्सर सूर्याच्या २.०८ पट आहे. अवकाश स्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने २०२१ मध्ये त्याची त्रिज्या १२ ते १४ किलोमीटरच्या दरम्यान दाखवली. साध्या बॅग प्रारूपाची मर्यादा १.९६ आणि पावणेअकरा किलोमीटर, त्यामुळे ते इथे तुटतं. क्वार्कांची आपसातली ओढ आणि जोड्या जमेस धरल्या तर वस्तुमान दोनच्या वर नेता येतं, पण मग ते आकडे मुद्दाम जुळवावे लागतात. १७ ऑगस्ट २०१७ च्या गुरुत्वीय लहरींच्या घटनेत टकरीनंतर जड मूलद्रव्यं तयार झाल्याची चमक दिसली. त्यासाठी न्यूट्रॉनांनी भरलेलं साधं द्रव्य बाहेर फेकलं जावं लागतं. दोन्ही तारे क्वार्क तारे असते तर ते कुठून आलं असतं? माझं मत विचाराल तर, जड न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क द्रव्य असणं मला संभवनीय वाटतं. वरपासून खालपर्यंत क्वार्कांचा तारा मात्र अजून माझ्या आलेखांत उमटलेला नाही.

पृथ्वी गिळण्याबद्दल: तुकडा धनभारित असेल तर तुमच्या-आमच्या केंद्रकांना तो दूरच ढकलेल, ताऱ्यावरचं कवच ज्या कारणाने तरंगतं त्याच कारणाने. सुटे न्यूट्रॉन तो गिळेल, पण पृथ्वीवर सुटे न्यूट्रॉन साठून नसतात.

तुम्ही अभियांत्रिकीचे आहात, तर हे माझ्या शब्दावर ठेवू नका. ताऱ्याच्या आत दाब आणि गुरुत्वाकर्षण यांचा तोल मांडणारी टॉलमन-ओपेनहायमर-व्होल्कॉफ समीकरणं पायथनमध्ये पन्नास ओळींत बसतात. मध्यभागी एक घनता धरा, दहा-दहा मीटरच्या पावलांनी बाहेर चला, वर दिलेलं दाबाचं समीकरण घाला आणि दाब शून्य होईल तिथे थांबा. त्या पावलाला घनता छापून पाहा, काठ तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग मध्याची घनता बदलत जाऊन वस्तुमान-त्रिज्येचा आलेख काढा. बॅग स्थिरांक ६० असेल तर शिखर १.९६ आणि १०.७ किलोमीटरच्या जवळ यायला हवं. नाही आलं तर आधी एककं तपासा: एक एमईव्ही प्रति घन फर्मी म्हणजे १.६०२ गुणिले दहाचा ३२ वा घात इतके पास्कल. माझे विद्यार्थी दरवर्षी तिथेच अडकतात.